वेस्टमिन्स्टर स्थानक खालून वर कसे पाहावे

लंडनला मुलांकडे राहायला किंवा पर्यटनासाठी गेलेल्या मराठी कुटुंबाच्या यादीत बिग बेन असतेच, आणि तिथे पोहोचण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे भुयारी रेल्वेने वेस्टमिन्स्टर स्थानकावर उतरणे. बहुतेक जण गाडीतून उतरतात, सरकत्या जिन्यांवरून भराभर वर येतात, बाहेर पडताच मान वर करतात आणि मनोऱ्याचे छायाचित्र घेऊन पुलाकडे वळतात. मात्र ज्या जागेतून ते वर आले, ती विसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनने केलेल्या सर्वांत अवघड बांधकामांपैकी एक आहे, आणि तो मनोरा आज सुखरूप उभा दिसतो यामागे त्या बांधकामाच्या वेळी घेतलेली विलक्षण काळजी आहे. म्हणून मनोरा पाहण्याआधी स्थानकासाठी एक तास राखून ठेवावा. तो तास कसा घालवावा, कुठे थांबावे आणि कशाकडे पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

हे स्थानक समजून घेण्याची किल्ली एकच आहे. इथल्या जवळजवळ प्रत्येक विचित्र वाटणाऱ्या गोष्टीमागे दोन अडचणी आहेत. शेजारी सुमारे ९६ मीटर उंचीचा, १८५९ साली पूर्ण झालेला दगडी मनोरा होता, ज्याला धक्का लागून चालणार नव्हते. आणि जागेच्या मधोमध एक जुनी रेल्वे चालू होती, जी बंद ठेवून चालणार नव्हते. एखादी रचना पाहून ‘हे असे का केले असेल?’ असा प्रश्न पडला, की आधी या दोघांपैकी कोण जबाबदार आहे ते शोधावे. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते.

कधी आणि कोणत्या बाजूने यावे

सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात या वेळा टाळाव्यात, कारण तेव्हा भाडे जास्त असते आणि नोकरदारांच्या लोंढ्यात उभे राहून छताकडे पाहणे आपल्यालाही जमत नाही व इतरांनाही अडचणीचे होते. रविवारची सकाळ सर्वांत शांत असते. तिकिटासाठी ऑयस्टर कार्ड (लंडनच्या प्रवासाचे, आगाऊ पैसे भरायचे कार्ड) किंवा बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड पुरेसे आहे. मात्र एका प्रवासाला कमाल वेळेची मर्यादा असते आणि ती ओलांडली तर जास्त भाडे कापले जाते, म्हणून फाटकाच्या आतला भाग तासाभरात उरकावा. वेस्टमिन्स्टरलाच आत शिरून वेस्टमिन्स्टरलाच बाहेर पडण्यापेक्षा दुसऱ्या स्थानकावरून येणे हिशेबालाही सरळ पडते.

ते दुसरे स्थानक वॉटर्लू असावे, असे मी आग्रहाने सांगेन. वॉटर्लू थेम्स नदीच्या दक्षिणेला आहे. तिथून ज्युबिली मार्गिकेची पश्चिमेकडे, म्हणजे स्टॅनमोरच्या दिशेने जाणारी गाडी पकडली, की ती नदीच्या पात्राखालून जाऊन पुढच्याच स्थानकाला, म्हणजे वेस्टमिन्स्टरला थांबते. पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्यांचा फलाट हा या स्थानकाचा सर्वांत खालचा मजला आहे. हे स्थानक तळापासून पाहायचे असल्यामुळे याच दिशेने येणे सोयीचे ठरते. उलट बाजूने, म्हणजे ग्रीन पार्ककडून आलो, तर आपण एक मजला वर उतरतो आणि तळ पाहायचा राहून जातो.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास

जगातली पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्येच पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी, २४ डिसेंबर १८६८ रोजी, डिस्ट्रिक्ट रेल्वे या नव्या कंपनीने साउथ केन्सिंग्टनपासून इथपर्यंत मार्ग आणला आणि त्याच्या टोकाला ‘वेस्टमिन्स्टर ब्रिज’ नावाचे स्थानक उघडले. अभियंता होते जॉन फाउलर. हा बोगदा आजच्या अर्थाने पोखरलेला नव्हता. रस्ता किंवा मोकळी जागा वरून खणायची, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती उभारायच्या, वर विटांची कमान किंवा लोखंडी तुळया टाकायच्या आणि पुन्हा माती लोटून रस्ता पूर्ववत करायचा, अशी ती पद्धत होती. त्यामुळे हा मार्ग उथळ आहे, आणि तो उथळ होता म्हणूनच पुढच्या पिढीच्या वाटेत आला. सुरुवातीला या भुयारातून कोळशाच्या वाफेवरची इंजिने धावत; ठिकठिकाणी वर उघडे ठेवलेले भाग हीच धूर बाहेर जाण्याची वाट होती.

हा मार्ग १८७० साली ब्लॅकफ्रायर्सपर्यंत वाढला, आणि तो वाढवताना शहराने एका दगडात बरेच पक्षी मारले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज अवघड झाले होते. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांनी शहरासाठी नवी सांडपाणी व्यवस्था आखली, आणि नदीचा काठ भरून काढून जो भक्कम बांध घातला, त्याच्या पोटात सांडपाण्याची मोठी वाहिनी आणि ही रेल्वे अशा दोन्ही गोष्टी घातल्या. १८८४ साली मेट्रोपॉलिटन आणि डिस्ट्रिक्ट या दोन कंपन्यांचे मार्ग जोडून वर्तुळ पूर्ण झाले, १९०५ साली वाफ जाऊन वीज आली आणि १९०७ साली स्थानकाच्या नावातला ‘ब्रिज’ गळून नुसते ‘वेस्टमिन्स्टर’ उरले. पुढची जवळजवळ नव्वद वर्षे हे एक साधे, दोन फलाटांचे, उथळ स्थानक होते.

खरी उलथापालथ झाली ती ज्युबिली मार्गिकेमुळे. राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या राज्यारोहणाच्या १९७७ मधील रौप्यमहोत्सवावरून नाव मिळालेली ही मार्गिका १९७९ साली चॅरिंग क्रॉसपर्यंत सुरू झाली होती. पूर्व लंडनमधील जुन्या गोद्यांच्या जागी नवी कार्यालये उभी राहू लागली, तेव्हा तिथवर पोहोचण्यासाठी ती ग्रीन पार्कपासून वळवून वेस्टमिन्स्टर, वॉटर्लू, लंडन ब्रिज असे करत स्ट्रॅटफर्डपर्यंत नेण्याचे ठरले. संसदेने १९९२ साली कायदा केला, १९९३ च्या अखेरीस काम सुरू झाले, आणि नवा मार्ग १९९९ मध्ये टप्प्याटप्प्याने उघडला. त्यातही वेस्टमिन्स्टर सर्वांत शेवटी, २२ डिसेंबर १९९९ रोजी खुले झाले. त्याआधी महिनाभर गाड्या या स्थानकातून न थांबता पुढे जात होत्या. सगळ्यांत अवघड काम सगळ्यांत शेवटी पूर्ण झाले, यात नवल नाही.

या विस्तारातील अकरा स्थानकांसाठी रोलंड पाओलेट्टी हे मुख्य वास्तुरचनाकार होते. त्यापूर्वी त्यांनी हाँगकाँगच्या मेट्रोसाठी काम केले होते. सगळी स्थानके एकाच साच्यातून न काढता प्रत्येक स्थानक वेगळ्या वास्तुरचनाकाराकडे द्यायचे आणि त्या जागेच्या अडचणींतूनच त्याचे रूप घडू द्यायचे, हा त्यांचा आग्रह होता. कॅनरी वॉर्फ नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाकडे गेले. वेस्टमिन्स्टर मायकेल हॉपकिन्स यांच्याकडे आले. इथे हॉपकिन्स यांच्यावर दुहेरी जबाबदारी होती, कारण स्थानकाच्या बरोबर वर खासदारांच्या कार्यालयांची पोर्टकलिस हाउस ही नवी इमारतही त्यांनाच उभारायची होती. वरची इमारत आणि खालचा खड्डा एकाच डोक्यातून निघाले, याचा परिणाम आपल्याला आत गेल्यावर जाणवतो.

तळाचा फलाट

गाडीतून उतरल्यावर लगेच चालू लागू नये. भिंतीकडेला सरकून गर्दी निघून जाऊ द्यावी आणि मग फलाटाच्या कडेने उभी असलेली काचेची दारे पाहावीत. गाडी थांबते तेव्हा तिची दारे आणि ही दारे बरोबर समोरासमोर येतात व एकदमच उघडतात. या विस्तारातील आठही भूमिगत स्थानकांवर ती आहेत. लंडनच्या जुन्या स्थानकांवर अशी दारे नाहीत, त्यामुळे फरक चटकन कळतो. अरुंद बोगद्यातून येणारी गाडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी हवा पुढे ढकलत येते. ही दारे पूर्ण हवाबंद नसली तरी तो झोत फलाटावर येण्यापासून बराच रोखतात, आणि कोणी रुळांवर पडण्याचा धोकाही टळतो.

त्यानंतर दुसरी गाडी कुठे आहे ते शोधावे. सामान्यतः एका मार्गिकेचे येणारे आणि जाणारे फलाट शेजारी शेजारी असतात. इथे शेजारी काहीच नाही. पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांचा फलाट आपल्या डोक्यावर, याच फलाटावर चढवल्यासारखा आहे. दोन बोगदे आडवे ठेवले असते तर त्यांतला एक मनोऱ्याच्या पायाच्या आणखी जवळ गेला असता. एकावर एक ठेवल्यामुळे दोन्ही शक्य तितके दूर राहिले. मनोऱ्यामुळे स्थानकाचे रूप बदलल्याची ही पहिली खूण, आणि ती पायाखालीच सापडते. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना इथे थांबवून वरच्या गाडीचा आवाज ऐकू येतो का, हे विचारावे. फलाट एकमेकांवर आहेत ही गोष्ट आकृतीपेक्षा त्यांच्या अशी चटकन ध्यानात येते.

इथून एक जिना चढून वरच्या फलाटावर जावे, तोच बोगदा पुन्हा एकदा पाहावा, आणि मग बाहेर जाण्याच्या पाट्यांमागे निघावे.

खड्ड्याच्या मध्यावर

फलाटाच्या बोगद्यातून बाहेर पडून सरकत्या जिन्यांच्या जागेत पाऊल ठेवल्यावर एकदम अवकाश मोकळा होतो, आणि हा क्षण घाईत घालवू नये. डोक्यावर, समोर, खाली सरकते जिने एकमेकांना छेदत गेलेले असतात; त्यांच्या मधून जाड गोल नळ्या आडव्या गेलेल्या असतात; आणि चारही बाजूंना राखाडी काँक्रीटच्या उंच भिंती असतात. जिन्यावर चढताना उजवीकडे उभे राहावे, कारण डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी सोडण्याची लंडनमध्ये रीत आहे. जिना संपल्यावर मधल्या मजल्यावर कठड्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट सोडून उभे राहावे. एखाद्या जिन्याने पुन्हा खाली जाऊन दुसऱ्याने वर यायलाही हरकत नाही; वर जाताना जे दिसते, ते खाली येताना निराळे दिसते.

आता हा सारा पसारा वाचायचा कसा, ते पाहू. आपण ज्यात उभे आहोत तो जमिनीत सुमारे ३९ मीटर खोल गेलेला एक खोका आहे. मध्य लंडनमध्ये तोपर्यंत कोणी इतके खोल खोदकाम केले नव्हते. ज्याने विहीर खणताना पाहिली आहे त्याला ठाऊक असते, की खोली वाढू लागली की काठाची माती आत ढासळू पाहते. लंडनच्या जमिनीत वरच्या थरातील भराव व वाळू-गोट्यांच्या खाली घट्ट चिकणमातीचा जाड थर आहे. ही माती खणायला सोपी आणि बोगद्यांसाठी उत्तम. पण दडपण काढून घेतले की ती हळूहळू त्या रिकाम्या जागेकडे सरकते. पुण्या-मुंबईच्या काळ्या कातळात खोदणाऱ्याला सुरुंग आणि फोडकामाची चिंता असते. इथल्या खोदणाऱ्याला चिंता होती ती मातीच्या या सावकाश सरकण्याची.

म्हणून आधी खणून मग भिंत बांधण्याऐवजी उलटा क्रम घेतला गेला. खोक्याच्या कडेने जमिनीत खोल चर पाडून त्यांत काँक्रीटच्या भिंती आधीच ओतल्या गेल्या, आणि नंतर त्या भिंतींच्या आतली माती वरून खाली, एकेक टप्पा काढत नेली. प्रत्येक टप्प्यावर समोरासमोरच्या भिंती आत झुकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये धिरे दिले. ज्या आडव्या गोल नळ्या आपल्याला सजावट वाटतात, त्याच या धिऱ्यांच्या कामाच्या आहेत. सुमारे ६६० मिलिमीटर व्यासाच्या त्या पोलादी नळ्या आजही दोन्ही बाजूंच्या मातीचा रेटा एकमेकांवर तोलून धरत आहेत. एरवी असे धिरे भिंतींमागे किंवा छताआड लपवले जातात. हॉपकिन्स यांनी ते उघडे ठेवले आणि त्यांच्या मधूनच जिने नेले.

माझ्या मते या स्थानकाचे खरे सौंदर्य या निर्णयात आहे. इथे संगमरवर नाही, रंगीत फरशी नाही, भिंतीवर चित्र नाही. काँक्रीट जसे साच्यातून निघाले तसे आहे, त्याच्या जोडीला फक्त पोलाद आणि प्रकाश. पहिल्यांदा पाहणाऱ्या अनेकांना हे रूक्ष, अर्धवट सोडल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे मी समजू शकतो. पण प्रत्येक नळीकडे पाहताना ‘ही काढली तर काय होईल?’ असा प्रश्न विचारून पाहावा. जुन्या वाड्यात खांब, तुळई आणि दांडे दिसत असतात आणि घराचा भार कुठून कुठे उतरतो ते न सांगता कळते. तोच प्रामाणिकपणा इथे जमिनीखाली आहे. शिवाय त्याला उपयोगही आहे. जागा एकच आणि उघडी असल्यामुळे अनोळखी प्रवाशालाही आपण कुठे आहोत आणि वर कुठे जायचे आहे ते एका नजरेत दिसते. दोन मार्गिकांच्या अदलाबदलीच्या स्थानकात माणूस सर्वांत जास्त गोंधळतो तो वळणावळणाच्या बोळांत, आणि असे बोळ लंडनच्या जुन्या स्थानकांत भरपूर आहेत. इथे ते फार कमी आहेत.

छायाचित्रे घ्यायला स्वतःपुरती परवानगी असते, मात्र फ्लॅश आणि तिपाई वापरता येत नाही. मोबाइल कठड्यावर टेकवून स्थिर धरला तर कमी उजेडातही चित्र नीट येते. माणसे चित्रात येऊ द्यावीत. त्यांच्याशिवाय या जागेचा आकार कळत नाही.

मनोऱ्यासाठी केलेले काम, जे दिसत नाही

इथे उभे असतानाच एक गोष्ट डोळ्यांपुढे आणावी लागते, कारण ती पाहण्यासाठी काहीच उरलेले नाही. खोक्याच्या काठापासून घड्याळाच्या मनोऱ्याचा पाया अवघा ३४ मीटर अंतरावर आहे. खड्डा खणला की आजूबाजूची माती थोडी खचणार, हे निश्चित होते. खड्ड्याच्या बाजूची माती जास्त आणि पलीकडची कमी खचली, की वरचा मनोरा खड्ड्याकडे झुकणार. उंच मनोऱ्याच्या पायाशी मिलिमीटरभर पडलेला फरक घड्याळाच्या उंचीवर कितीतरी पटींनी वाढतो.

यावर जो उपाय केला, त्याला भरपाईचे ग्राउटिंग म्हणता येईल. मनोऱ्याच्या पायाखालच्या मातीत सुमारे ५० मीटर लांबीच्या पोलादी नळ्या आडव्या सरकवून ठेवल्या गेल्या. या नळ्यांना ठरावीक अंतरावर छिद्रे होती. खोदकाम पुढे सरकले आणि मोजमापात मनोरा किंचित कलल्याचे दिसले, की नेमक्या त्या बाजूच्या छिद्रांतून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने मातीत सोडले जाई. त्यामुळे खचलेली जमीन तेवढीच उचलली जाई. १९९६ आणि १९९७ या काळात हे काम एकदाच नव्हे तर वीसहून अधिक वेळा करावे लागले. मनोऱ्याच्या कलावर सतत नजर होती. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ज्या ओळंब्याने पाहतो, त्याच तत्त्वावर इथेही मोजमाप चालले होते, फक्त त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि सर्वेक्षणाच्या दुर्बिणी होत्या.

या कामात इम्पिरियल कॉलेजचे मृदा-यांत्रिकीचे, म्हणजे भाराखाली माती कशी वागते याच्या शास्त्राचे, प्राध्यापक जॉन बर्लंड यांचा मोठा वाटा होता. १९७० च्या दशकात संसदेच्या आवारात, याच मनोऱ्याजवळ, भूमिगत वाहनतळ खणला गेला, तेव्हाही इथल्या जमिनीच्या हालचालींचा अभ्यास त्यांनी केला होता. आणि पिसाच्या कलत्या मनोऱ्याला वाचवणाऱ्या तज्ज्ञ समितीतही ते होते. अशा माणसाच्या हाती काम असल्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. उपाय केले नसते तर मनोरा किमान १२० मिलिमीटर हलला असता आणि त्याच्या दगडी बांधकामाला तडे गेले असते, असा अंदाज होता. प्रत्यक्षात हालचाल सुमारे ३५ मिलिमीटरमध्ये रोखली गेली. एवढ्या खोल खड्ड्याशेजारी, घड्याळ चालू ठेवून, हे साधले. हा भाग मुलांना समजावून सांगायचा असेल तर घरी ओल्या वाळूत एक काठी उभी करावी, तिच्याशेजारी हळूहळू खड्डा करत जावा आणि काठी कोणत्या बाजूला झुकते ते दाखवावे.

जुना फलाट

यानंतर डिस्ट्रिक्ट आणि सर्कल या मार्गिकांच्या पाट्या पाहून त्यांच्या फलाटावर जावे. हिरवा रंग डिस्ट्रिक्टचा, पिवळा सर्कलचा आणि करडा ज्युबिलीचा. खालच्या खोल जागेतून वर आल्यावर इथला उथळपणा लगेच जाणवतो. १८६८ चा मार्ग हाच, पण त्या काळाच्या विटा किंवा कमानी इथे शोधू नयेत. नव्या बांधकामाने जुन्या स्थानकाचे रूप पार बदलून टाकले. राहिली ती फक्त जागा आणि पातळी.

पातळीही पूर्णपणे तशीच राहिली नाही, आणि ही मला या स्थानकाची सर्वांत हृद्य हकीकत वाटते. वर उभ्या राहणाऱ्या पोर्टकलिस हाउसच्या तळमजल्याची उंची नीट बसावी म्हणून या जुन्या रुळांना सुमारे ३०० मिलिमीटर खाली घ्यावे लागणार होते. मार्ग बंद ठेवणे शक्य नव्हते, कारण रोज हजारो लोक त्याच्यावर अवलंबून होते. म्हणून शेवटची गाडी गेल्यावर आणि पहाटेची पहिली गाडी येण्याआधी जे मोजके तास मिळत, तेवढ्यातच रूळ थोडेसे खाली घेतले जात, पक्के केले जात, आणि सकाळी त्यांच्यावरून गाड्या धावत. असे रात्रीमागून रात्र करत ते ठरलेल्या खोलीला पोहोचले. त्याच काळात या रुळांच्या भोवती आणि खाली तो खोल खोका खणला जात होता, म्हणजे ज्या जमिनीवर रूळ होते तीच काढून घेतली जात होती आणि त्यांचा भार नव्या बांधकामावर घेतला जात होता. फलाटाच्या टोकाला उभे राहून एक गाडी येताना आणि एक जाताना पाहावी. गाडीतल्या लोकांना खाली काय आहे याचा पत्ताही नसतो.

ज्यांना जिने चढवत नाहीत किंवा ज्यांच्याबरोबर बाबागाडी आहे, त्यांनी सरकत्या जिन्यांऐवजी लिफ्टने हाच क्रम धरावा. दोन्ही मार्गिकांच्या फलाटांपर्यंत लिफ्टची सोय आहे. मात्र लिफ्टने गेल्यास खोक्याचे दर्शन हुकते, म्हणून मधल्या मजल्यावर उतरून थोडे थांबावे.

बाहेर आल्यावर

फाटकाबाहेर आल्यावर अनेक वाटा फुटतात. नदीकाठाच्या पाटीकडे जाणारी वाट घ्यावी, म्हणजे वेस्टमिन्स्टर पुलाजवळ बाहेर पडून मनोरा आणि पोर्टकलिस हाउस हे दोन्ही एकदम दिसतात. पोर्टकलिस हाउस २००१ साली वापरात आले आणि त्यात २१३ खासदारांच्या कार्यालयांची सोय आहे. त्याच्या छतावरच्या उंच, काळपट धुराड्यांची रांग सर्वांत आधी नजरेत भरते. त्यांतून धूर निघत नाही. इमारतीतील वापरलेली हवा बाहेर सोडण्याचे ते मार्ग आहेत. समोरच्या संसदेच्या शिखरांशी त्यांची उंच-सखल रेषा जुळावी अशी योजना असल्याचे जाणवते. काही जणांना ही इमारत जड वाटते, मला ती खालच्या स्थानकाइतकी जमलेली वाटत नाही. पण खाली पाहून आलेल्या माणसाला तिचे खांब कुठे उतरतात हे ठाऊक असते, आणि त्यामुळे ती निराळी दिसते.

मग मनोऱ्याकडे पाहावे. २०१२ पासून त्याचे अधिकृत नाव एलिझाबेथ टॉवर आहे, आणि बिग बेन हे खरे तर आतल्या मोठ्या घंटेचे नाव. तो वायव्येकडे सुमारे ०.२६ अंशांनी कललेला आहे. हा कल सगळा या स्थानकामुळे आलेला नाही, दीडशे वर्षांत जमीन हलत राहिलीच आहे. एवढा कल नुसत्या डोळ्यांना सहज कळत नाही. पण पार्लमेंट चौकाच्या बाजूने पाहताना मोबाइलच्या पडद्यावरची उभी रेघ मनोऱ्याच्या कडेशी जुळवून पाहावी, म्हणजे अंदाज येतो.

वेळ उरला असेल तर १८६८ च्या त्याच मार्गाचे, इथे पुसले गेलेले रूप आणखी दोन ठिकाणी शोधता येते. डिस्ट्रिक्ट मार्गिकेने पश्चिमेकडे एक स्थानक गेले की सेंट जेम्सेस पार्क लागते. त्याच्या वर चार्ल्स होल्डन यांनी उभारलेली, १९२९ साली पूर्ण झालेली ५५ ब्रॉडवे ही भुयारी रेल्वेची जुनी मुख्य कचेरी आहे. होल्डन यांना भुयारी रेल्वेचे सुरुवातीचे एक काम मिळाले ते वेस्टमिन्स्टरच्याच प्रवेशद्वाराच्या दर्शनी भागाचे, १९२३ साली. त्याच गाडीने आणखी पुढे स्लोन स्क्वेअरला उतरावे आणि फलाटावर उभे राहून वर पाहावे. एक मोठी लोखंडी नळी रुळांवरून आडवी गेलेली दिसेल. तिच्यातून वेस्टबोर्न नावाची नदी वाहते. १८६८ साली रेल्वेसाठी खणताना वाटेत आली, म्हणून तिला नळीत घालून वरून पलीकडे नेले, आणि ती आजही तशीच वाहते आहे.